प्रक्रिया लेखांकन, संगणकीय

अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणकावर कोणत्या वापरकर्त्याने कोणती आज्ञावली केव्हा चालविली आणि तिच्यासाठी यंत्राचा किती वेळ व किती स्मृती खर्ची पडली, याची यंत्रानेच आपोआप ठेवलेली नोंद म्हणजे प्रक्रिया लेखांकन होय. चालू अवस्थेतील आज्ञावलीस परिचालन प्रणालीच्या परिभाषेत ‘प्रक्रिया’ म्हणतात. एकच आज्ञावली एकाच वेळी दहा जणांनी चालविली, तर आज्ञावली एक, परंतु प्रक्रिया दहा होतात आणि प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्रपणे लिहिला जातो. या नोंदी सुरू करणे, त्यांची फाइल ठराविक काळाने बदलणे, जुन्या नोंदींचा गोषवारा काढणे व त्या जपून ठेवणे ही कामे पार्श्वभूमीत सतत चालणारी एक सेवा करते. अशा सेवेस ‘डीमन’ म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत (एमआयटी) १९६३ च्या सुमारास ही संज्ञा रूढ झाली. मॅक्सवेल या भौतिकीविज्ञांच्या एका काल्पनिक प्रयोगात दृष्टीआड राहून रेणूंची निवड करणारा एक ‘डीमन’ आहे; त्यावरून हे नाव घेण्यात आले.

संगणकाचा वेळ अत्यंत महाग होता, तेव्हा तो वापरणाऱ्यांत न्याय्य रीतीने वाटण्याची गरज निर्माण झाली व तीतून ही पद्धत उदयास आली. पुढे वेळ स्वस्त झाला, तरी नोंदी टिकून राहिल्या. कारण कोणी काय केले याचा साक्षीदार म्हणून त्यांचे मोल मूळ हेतूपेक्षाही अधिक ठरले. या साक्षीचे मोल मात्र नोंद कोण लिहितो, ती केव्हा लिहितो आणि लिहिलेली कोण जपतो, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. प्रक्रिया लेखांकनाचा इतिहास हा मुख्यतः या तीन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

पूर्वपरंपरा : खर्च करणारा आणि खर्च लिहिणारा हे वेगळे असावेत, हे तत्त्व संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. पेशवाईत मोठ्या मामलतीवर मामलतदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इ. दरखदार असत. त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नसल्यामुळे त्याच्या कारभारावर त्यांचे लेखन हाच मोठा अंकुश असे. गावपातळीवर हीच विभागणी पाटील व कुलकर्णी यांच्यात होती. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात आणि वऱ्हाडात गावाचा हिशेबनीस ‘पांड्या’ या नावाने ओळखला जाई. बोर नदीच्या परिसरातील हिंगणी हे गाव याच मुलखातले. तो भाग १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळ्या केलेल्या वर्धा जिल्ह्यात समाविष्ट झाला आणि गावोगावचे जमाबंदीचे दप्तर पटवाऱ्याकडे व पुढे तलाठ्याकडे आले. हिशेबाची रीतही ठरलेली होती : दिवसाचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत लिहावयाचा, त्यावरून नावनिशीवार खतावणी करावयाची आणि मुदतीअखेर ताळेबंद काढावयाचा. संगणकीय लेखांकनातही कच्च्या नोंदींची फाइल, वापरकर्तानिहाय गोषवारा आणि मासिक अहवाल असे तीन टप्पे आढळतात. या दोहोंचा ऐतिहासिक संबंध नसला, तरी गरज एकच असल्यामुळे रचनाही सारखी झाली आहे.

सामाईक यंत्राचा काळ : भारतात हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर मुंबईत उपस्थित झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यानंतर १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी-३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशातील अनेक विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील संशोधक आपली गणिते घेऊन तेथे येऊ लागले. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतही त्याच दशकात सोव्हिएट बनावटीचा मिन्स्क-२ हा संगणक आला. यंत्र एक, मागणारे अनेक आणि यंत्राचा प्रत्येक तास मोलाचा, अशी ही स्थिती होती.

त्या काळातील मोठ्या संगणकांवर कामे गठ्ठ्यांनी चालत. संशोधक आपली आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून खिडकीवर देई. गठ्ठ्यातील पहिल्या पत्रावर हिशेब क्रमांक, कामाच्या मालकाची खूण आणि जास्तीत जास्त किती वेळ लागेल ती मर्यादा छिद्रित केलेली असे. मर्यादा ओलांडली की नियंत्रक आज्ञावली ते काम तोडून पुढचा गठ्ठा हाती घेई आणि छापील उत्तराच्या शेवटी किती वेळ खर्च झाला, याची ओळ उमटे. यंत्रचालकाची वही व ही ओळ मिळून हिशेब पूर्ण होत असे. एका वेळी एकच काम चालत असल्याने हा हिशेब सोपा होता. कामाचा आरंभ व शेवट यांतील अंतर म्हणजेच त्याचा खर्च.

कालविभाजन पद्धतीने हा सोपेपणा संपविला. एमआयटीमध्ये नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने प्रात्यक्षिक दाखविलेल्या सीटीएसएस या प्रणालीत अनेक जण एकाच वेळी यंत्रासमोर बसल्यासारखे काम करू शकत. यंत्र सेकंदाच्या लहानशा भागापुरते एकाचे काम करी व लगेच दुसऱ्याकडे वळे. अशा वेळी घड्याळातील अंतर आणि प्रक्रियकाने प्रत्यक्ष त्या व्यक्तीसाठी दिलेला वेळ यांत मोठी तफावत पडते. तेव्हा प्रत्येक तुकडा मोजून ज्याच्या त्याच्या नावे मांडणे आवश्यक झाले. प्रत्येकास प्रक्रियकाच्या वेळेचा ठराविक वाटा नेमून दिलेला असे.

या वाटपातूनच लेखांकनाची एक मर्यादाही लवकरच दिसून आली. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडतो म्हणून सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावांवर आपले काम चालविले. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच सांगितली. यंत्राने मोजलेला वेळ अचूक होता, परंतु तो भलत्यांच्या खाती पडत होता. लेखांकनास खाते कळते, माणूस कळत नाही, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

यूनिक्समधील विकास : प्रक्रिया लेखांकनाचे आजचे रूप यूनिक्स या परिचालन प्रणालीत घडले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्स या मोठ्या प्रकल्पातून अंग काढून घेतल्यावर तेथील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी ही आटोपशीर प्रणाली रचली. तिच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) नोंद लिहिण्याचे काम ‘शेल’कडे, म्हणजे वापरकर्त्याच्या आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या आज्ञावलीकडे होते. गोषवारा काढणाऱ्या आज्ञेचे ‘एसए’ हे नावही शेल लेखांकन या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे होते. या व्यवस्थेत एक उघड उणीव होती. शेल ही वापरकर्त्याच्या बाजूची आज्ञावली असल्यामुळे जे काम तिच्यामार्फत होत नसे, ते तिच्या वहीतही येत नसे.

सातव्या आवृत्तीत (१९७९) हे काम प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, सोपविण्यात आले. प्रत्येक प्रक्रियेचा जन्म व अंत कर्नेलच्याच हातून होत असल्यामुळे त्याच्या नजरेतून कोणतीही प्रक्रिया सुटू शकत नाही. व्यवस्थापकाने ‘एसीसीटी’ या आवाहनाने एका फाइलचे नाव कर्नेलला कळविले, की तेव्हापासून संपणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेची एक नोंद कर्नेल त्या फाइलच्या शेवटी जोडतो. नाव न देता तेच आवाहन केले, की लेखन थांबते. हे आवाहन करण्याचा अधिकार केवळ व्यवस्थापकास असतो. ‘एसए’ हे नाव कायम राहिले, मात्र त्याचा अर्थ आता प्रणाली लेखांकन असा झाला. लिहिणारा बदलला आणि त्याबरोबर नोंदीची विश्वासार्हता बदलली. मामलतदाराच्या कारकुनाकडील वही हुजूरच्या फडणिसाकडे जावी, तसा हा बदल होता.

नोंदीचे स्वरूप : एका नोंदीत आज्ञावलीचे नाव, वापरकर्त्याचा व त्याच्या गटाचा क्रमांक, ज्या टर्मिनलवरून काम झाले त्याची खूण, आरंभाची वेळ, वापरकर्त्याच्या कामासाठी व प्रणालीच्या कामासाठी लागलेला प्रक्रियकाचा वेळ, घड्याळी वेळ, सरासरी स्मृती आणि काही खुणा एवढा मजकूर असतो. व्यवस्थापकाचे विशेषाधिकार वापरले गेले काय, प्रक्रिया बाहेरून आलेल्या संकेतामुळे मरण पावली काय, यांसारख्या गोष्टी या खुणांवरून कळतात. सातव्या आवृत्तीत आज्ञावलीच्या नावासाठी १० अक्षरांची जागा होती, ती लिनक्समध्ये १६ आहे. जागा वाचविण्यासाठी वेळेचे आकडे १६ द्विमान अंकांत दाबून बसविलेले असतात : १३ अंक मूळ संख्येचे व ३ अंक आठाच्या घाताचे. त्यामुळे लहान संख्या अचूक राहतात व मोठ्या संख्यांचे शेवटचे अंक गळतात. लिनक्सच्या अलीकडच्या रचनेत एक नोंद ६४ बाइटांची असते. म्हणजे दिवसात १० लाख प्रक्रिया संपल्या, तर फाइल सु. ६ कोटी ४० लाख बाइटांनी वाढते. आज्ञावलीने कोणती फाइल उघडली, तिच्यात काय बदलले, आज्ञेसोबत कोणते तपशील दिले होते, यांपैकी काहीही या नोंदीत नसते.

पार्श्वभूमी सेवेचे कार्य : कर्नेल केवळ लिहितो. लिहिलेले सांभाळण्याचे काम पार्श्वभूमी सेवेचे असते. यंत्र सुरू होताच लेखन चालू करणे हे तिचे पहिले काम. दुसरे काम फाइल बदलण्याचे. चालू फाइलचे नुसते नाव बदलून भागत नाही, कारण कर्नेल त्याच उघड्या फाइलमध्ये लिहीत राहतो; त्यास नवी फाइल स्पष्टपणे नेमून द्यावी लागते, मगच जुनी बाजूस घेता येते. त्यानंतर वापरकर्तानिहाय व आज्ञावलीनिहाय बेरजा करून गोषवाऱ्यात मिळविणे, जुन्या फाइली आकुंचित करून ठरलेल्या मुदतीपर्यंत राखणे व यंत्र बंद करताना लेखन व्यवस्थित थांबविणे ही कामे येतात.

एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह (१९८३) या यूनिक्स आवृत्तीत ही व्यवस्था पूर्णत्वास गेली. ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारा ‘क्रॉन’ हा डीमन रोज रात्री हिशेबाची मुख्य आज्ञावली चालवी. ती टप्प्याटप्प्याने काम करी आणि गाठलेला टप्पा एका फाइलमध्ये लिहून ठेवी. मध्येच वीज गेल्यास दुसऱ्या दिवशी त्याच टप्प्यापासून पुढे जाता येई. एकाच वेळी दोन हिशेब सुरू होऊ नयेत म्हणून कुलपाच्या फाइली ठेवलेल्या असत. कामाच्या गर्दीच्या व इतर वेळेचा खर्च वेगळा मोजला जाई. त्यासाठी सुट्ट्यांची यादी दरवर्षी हाताने भरावी लागे. ती राहून गेल्यास सणाच्या दिवशीचे काम गर्दीच्या वेळेत जमा होई. हरवलेली फाइल परत मिळवून देण्यासारख्या हाताने केलेल्या सेवेचा आकार वापरकर्त्याच्या खाती टाकण्याचीही सोय होती. महिनाअखेर सर्व दैनिक गोषवारे एकत्र करून मासिक हिशेब बंद केला जाई.

सेवेकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे लिनक्सच्या एका नियमावरून स्पष्ट होते. नोंदी ज्या चकतीवर लिहिल्या जातात, तिच्यावरील मोकळी जागा २ टक्क्यांपर्यंत उतरली, की कर्नेल लेखन स्थगित करतो आणि जागा ४ टक्क्यांपर्यंत वाढली, की पुन्हा सुरू करतो. ही तपासणी दर ३० सेकंदांनी होते. हे आकडे व्यवस्थापकास बदलता येतात. हिशेबाच्या वहीने यंत्रच बंद पाडू नये, हा नियमाचा हेतू योग्य आहे. तथापि स्थगितीच्या काळात संपलेल्या प्रक्रियांची नोंद कायमची हुकते. फाइल वेळच्या वेळी न बदलल्यामुळे चकती भरली, तर वही आपल्याच वजनाने मिटते, आणि एखाद्याने हेतुपुरस्सर चकती भरली, तर पुढचे कृत्य तो नोंदीविना करू शकतो.

पंचाहत्तर सेंटांची तफावत : हिशेबाच्या नोंदी साक्षीदार कशा ठरतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये तेथील खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे संगणकाच्या हिशेबातील ७५ सेंटांच्या तफावतीचा शोध घेण्याचे काम आले. प्रयोगशाळेत दोन हिशेब चालत : एक यूनिक्सचा स्वतःचा व दुसरा तेथेच रचलेला. यूनिक्सच्या नोंदीत आढळणाऱ्या एका वापरकर्त्याचे दुसऱ्या हिशेबात आकारणीचे खातेच नव्हते, म्हणून बेरजा जुळत नव्हत्या. रक्कम क्षुल्लक म्हणून सोडून न देता स्टोल यांनी माग काढला, तेव्हा कोणी परका माणूस प्रयोगशाळेच्या यंत्रातून पुढे अमेरिकेतील लष्करी संगणकांत शिरत असल्याचे उघड झाले. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर हा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर येथील मार्कुस हेस याच्यापर्यंत पोहोचला. मिळविलेली माहिती सोव्हिएट गुप्तहेर संघटनेस विकल्याबद्दल त्यास व त्याच्या साथीदारांस १९९० मध्ये शिक्षा झाल्या. स्टोल यांनी हा वृत्तांत १९८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

या प्रकरणाचे मर्म दोन वह्यांत आहे. एकच वही असती, तर तिची बेरीज बरोबरच आली असती. दोन स्वतंत्र हातांनी लिहिलेले हिशेब एकमेकांशी ताडून पाहिले गेले, म्हणून फट दिसली. आधुनिक व्यवस्थापनात नोंदींची प्रत वेगळ्या यंत्रावर पाठवून देण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे. कारण यंत्राचे सर्वाधिकार हाती आलेला घुसखोर त्या यंत्रावरील लेखन बंद करू शकतो व जुनी फाइलही पुसू शकतो.

महासंगणकांवरील लेखांकन : वैयक्तिक संगणकांच्या प्रसारामुळे घरोघरी व कचेऱ्यांत वेळेचा हिशेब ठेवण्याचे कारण उरले नाही. महासंगणकांच्या बाबतीत मात्र एक यंत्र व अनेक मागणारे ही १९६४ ची स्थिती पुन्हा अवतरली. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली (२०१५) देशातील शिक्षणसंस्थांत परम मालिकेतील यंत्रे बसविण्यात आली. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) परम ब्रह्म हे त्यांपैकी एक होय.

परम ब्रह्मवर कामांचे वाटप ‘स्लर्म’ ही प्रणाली करते. तिच्या रचनेत लेखांकनाचे काम एका स्वतंत्र डीमनकडे देण्याची सोय आहे. कामे वाटणारा मुख्य डीमन प्रत्येक कामाचा आरंभ, शेवट व त्यास दिलेली साधने यांची माहिती या हिशेबनीस डीमनकडे धाडतो आणि तो ती विदागारात नोंदवितो. हिशेबनीस काही काळ बंद पडला, तर मुख्य डीमन नोंदी आपल्याजवळ साठवून ठेवतो आणि तो परत आल्यावर त्याच्या हवाली करतो. जुन्या पद्धतीतील हुकलेल्या नोंदींचा दोष अशा रीतीने बराच कमी झाला आहे.

येथे मोजण्याचे मापही बदलले. यूनिक्सची नोंद प्रक्रियकाने प्रत्यक्ष केलेले काम मोजते, तर महासंगणकावर कामासाठी राखून ठेवलेले गाभे व त्यांचा काळ यांचा गुणाकार मोजला जातो. ४० गाभे १० तास राखून ठेवले, तर ते रिकामे बसले तरी खाती ४०० गाभा-तास पडतात. एस.टी.त राखून ठेवलेल्या आसनाचे पैसे प्रवासी न आला तरी द्यावे लागतात, तशातलाच हा प्रकार आहे. त्या वेळात दुसऱ्याचे काम होऊ शकले नाही, हे त्यामागील समर्थन. हवामानाच्या किंवा औषधांच्या रेणूंच्या संशोधनात एखाद्या संशोधकाची पाळी किती दिवसांनी येते, हे पुष्कळदा या हिशेबावर ठरते. म्हणून अननुभवी विद्यार्थ्याने गरजेपेक्षा जास्त गाभे मागितल्यास त्याचा वाटा लवकर संपतो आणि त्याच्या मागील रांगही लांबते.

साक्षीच्या मर्यादा : प्रक्रिया संपल्यावरच नोंद लिहिली जाते. महिनोन्‌महिने चालणारी प्रक्रिया तोवर वहीत दिसत नाही आणि यंत्र अचानक बंद पडल्यास त्या क्षणी चालू असलेल्या सर्व प्रक्रियांचा हिशेब नाहीसा होतो. नोंदीतील आज्ञावलीचे नाव हे फाइलचे नाव असते; घातक आज्ञावलीस निरुपद्रवी नाव दिल्यास वहीत तेच नाव येते. व्यवहाराचा आशय तर या नोंदीबाहेरच राहतो. हिंगणीच्या एखाद्या शेताचा सातबारा आज संगणकावर पाहता येतो. त्यावरील फेरफार कोणी, केव्हा व कशाच्या आधारे मंजूर केला, हे जाणण्यासाठी त्या अधिकार अभिलेखाच्या प्रणालीतील स्वतंत्र नोंद पाहावी लागते. अमुक वापरकर्त्याची अमुक आज्ञावली अमुक सेकंद चालली, एवढेच प्रक्रिया लेखांकन सांगू शकते. दोन्ही नोंदी असल्यास एकीने दुसरीची पडताळणी करता येते.

दुसऱ्या बाजूने, या नोंदीत प्रत्येक वापरकर्त्याच्या दिनक्रमाचे चित्र साठत जाते. कोण किती वाजता कामास बसला, त्याने काय चालविले, हे तीवरून कळत असल्यामुळे फाइल वाचण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींपुरता ठेवणे व राखण्याची मुदत आधी ठरविणे आवश्यक असते. हिशेबासाठी ठेवलेली वही पाळतीचे साधन होऊ नये, ही दक्षता व्यवस्थापकाने घ्यावयाची असते.

यंत्रचालकाच्या वहीपासून विदागारापर्यंत साधने बदलत गेली, तरी अपेक्षा त्याच राहिल्या : नोंद वापरकर्त्याहून वेगळ्या हाताने लिहिलेली असावी, वेळच्या वेळी बांधून ठेवलेली असावी आणि दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिली जावी. यांपैकी पहिली अपेक्षा १९७९ मध्ये कर्नेलने पुरी केली. उरलेल्या दोन पार्श्वभूमी सेवेच्या नियमितपणावर व तिच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसावर अवलंबून आहेत.